दारातली कण्हेर : औषध की विष?

मे-जूनमध्ये दिल्लीतला पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो. बागेतली हिरवळ करपते, कुंड्यांमधली रोपे माना टाकतात. पण दिल्लीहून गुरुग्राममार्गे जयपूरकडे जाताना महामार्गाच्या मधल्या दुभाजकावर नजर टाका. तिथे गुलाबी, पांढऱ्या, लाल फुलांनी लगडलेली झुडपे ऐन उन्हात डौलात उभी असतात. नोएडा, गाझियाबाद, फरिदाबादच्या सोसायट्यांत कुंपणालगत, शाळेच्या मैदानाच्या कडेला, उद्यानांत आणि मंदिरांच्या आवारातही तीच झुडपे दिसतात. इथे त्यांना कनेर म्हणतात. आपण मराठी माणसे त्यांना कण्हेर म्हणून ओळखतो.

कण्हेर आपल्याला नवी नाही. संस्कृतमध्ये तिचे नाव करवीर आणि कोल्हापूरचे जुने नावही करवीरच. आजही तिथल्या तालुक्याला हेच नाव आहे. गणेश चतुर्थीला गणपतीला वाहायच्या २१ पत्रींमध्ये कण्हेरीचे पान असते. महादेवाला पांढरी कण्हेर वाहण्याची प्रथा अनेक घरांत आहे. इतकी वर्षे देवघरात आणि अंगणात असलेले झाड आपल्याला घातक वाटत नाही. गोंधळ नेमका इथेच होतो, कारण मुळापासून फुलापर्यंत कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे.

दुसरीकडे याच कण्हेरीचे औषधी गुण सांगणारे संदेश आणि व्हिडिओ मोबाइलवर सतत येत असतात. सांधेदुखीवर कण्हेरीच्या पानांचे तेल, मूळव्याधीवर मुळाचा लेप, केस काळे करण्यासाठी पांढऱ्या कण्हेरीचा उपाय, असे बरेच काही त्यांत असते. काही जण तर पानांचा काढा प्यायलाही सांगतात. घरातल्यांच्या दुखण्याखुपण्यावर घरगुती उपाय शोधण्याची जबाबदारी बहुतेक घरांत बाईवरच येते. म्हणून कण्हेरीबद्दल खरे काय आणि खोटे काय हे आधी तिला माहीत असायला हवे.

रस्त्यावर कण्हेरच का?

कण्हेर इतकी सगळीकडे का लावली जाते, याचे उत्तर तिच्या स्वभावात आहे. तिला पाणी कमी लागते. धूळ, धूर आणि कडक ऊन ती सहन करते. साधारण दोन-तीन मीटर उंच वाढते आणि दाट होते, त्यामुळे रात्री समोरच्या वाहनाच्या दिव्यांचा झोत चालकाच्या डोळ्यांवर येत नाही. वर्षातले बरेच महिने तिला फुले येतात. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे गायी, शेळ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे राखण करावी लागत नाही.

तिची चिवटपणाची कीर्ती जगभर आहे. १९४५च्या अणुबॉम्बनंतर हिरोशिमाच्या उद्ध्वस्त जमिनीवर जी झाडे लवकर फुलली, त्यांत कण्हेर होती. म्हणूनच ती आज हिरोशिमा शहराचे अधिकृत फूल आहे.

पण जनावरे तिला तोंड का लावत नाहीत, हा प्रश्न आपण विचारत नाही. तिची पाने कडू असतात आणि तो कडूपणा इशाराच असतो. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत करवीराला 'अश्वमारक' आणि 'हयमार' अशीही नावे आहेत. दोन्हींचा अर्थ एकच, घोड्याला मारणारी. आपल्या पूर्वजांनी धोका थेट नावातच लिहून ठेवला होता.

कण्हेर आणि बिट्टी

कण्हेर म्हणून ओळखली जाणारी दोन वेगळी झाडे आहेत. पहिली खरी कण्हेर. तिची पाने लांब, टोकदार, जाडसर आणि बहुतेकदा तीन-तीनच्या घोसात असतात. फुले गुलाबी, लाल किंवा पांढरी येतात आणि शेंगा लांबट असतात.

दुसरी पिवळी कण्हेर, म्हणजे आपली बिट्टी. हे झाड मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. फुले घंटेच्या आकाराची, पिवळी किंवा केशरी. पाने अरुंद आणि चकचकीत. हिरवी, काहीशी त्रिकोणी फळे पिकल्यावर काळी पडतात. महाराष्ट्रात अनेक पिढ्यांची मुले या फळांच्या कठीण बियांशी खेळली आहेत. या बिया दिसायला गुळगुळीत आणि हातात धरायला छान, म्हणून मुलांना आवडतात. पण या झाडाचा सर्वांत विषारी भाग म्हणजे ही बीच.

दोन्ही झाडे एकाच कुळातली आहेत. दोन्हींचे पान किंवा देठ तोडले की चीक येतो. दोन्हींतले विषही जवळजवळ एकाच प्रकारचे आहे.

विष हृदयावर कसे काम करते?

आपल्या हृदयाच्या प्रत्येक पेशीत एक सूक्ष्म पंप असतो. तो सोडियम बाहेर टाकतो आणि पोटॅशियम आत घेतो. हृदयाचे ठोके नियमित पडण्यासाठी हा पंप सुरळीत चालावा लागतो. कण्हेरीतील ओलिअँड्रिन आणि बिट्टीतील थेवेटिनसारखी द्रव्ये हाच पंप अडवतात. मग पेशींमध्ये कॅल्शियम वाढते, रक्तात पोटॅशियम वाढते आणि हृदयाची लय बिघडते. ठोके मंदावतात, मध्येच चुकतात आणि काही वेळा थांबतात.

सुरुवातीची लक्षणे मात्र अगदी साधी वाटतात. मळमळ, उलट्या, पोटात कळा, जुलाब. घरातले म्हणतात, बाहेरचे काहीतरी खाल्ले असेल, पित्त झाले असेल. लिंबू-सरबत दिले जाते, ओव्याचे पाणी दिले जाते आणि मोलाचे तास निघून जातात. पुढे चक्कर, धूसर किंवा पिवळसर दिसणे, खूप अशक्तपणा आणि मंद नाडी ही लक्षणे येतात. तोवर रुग्ण गंभीर झालेला असू शकतो.

हे विष पाने वाळवल्याने किंवा उकळल्याने नष्ट होत नाही. म्हणजे काढा केला तर विष पाण्यात उतरते, नाहीसे होत नाही. फांद्या जाळल्या तर त्यांचा धूरही त्रासदायक ठरतो.

केरळमध्ये काय घडले?

एप्रिल २०२४मध्ये केरळमध्ये एका तरुण परिचारिकेचा मृत्यू झाला. नोकरीसाठी परदेशी निघण्याच्या दिवशी तिने घराजवळच्या कण्हेरीचे पान-फूल सहज चघळले होते, अशी माहिती समोर आली. कोची विमानतळावर ती कोसळली आणि काही दिवसांनी दगावली. मृत्यूमागे कण्हेरीची विषबाधा असल्याचा संशय व्यक्त झाला. केरळमध्ये कण्हेरीला अरळी म्हणतात आणि तिथल्या मंदिरांत ही फुले मोठ्या प्रमाणावर वापरली जात.

या घटनेनंतर मे २०२४मध्ये त्रावणकोर देवस्वम मंडळाने आपल्या मंदिरांत नैवेद्य आणि प्रसादात अरळीची फुले वापरणे बंद केले. या मंडळाकडे १ हजाराहून अधिक मंदिरे आहेत. मलबार देवस्वम मंडळानेही तसाच निर्णय घेतला. भाविकांनी तो स्वीकारला. देवाला फूल वाहणे वेगळे आणि ते प्रसादाच्या द्रोणातून लहान मुलाच्या तोंडात जाणे वेगळे, हा फरक धर्मसंस्थेने मान्य केला. तो आपल्या देवघरातही मान्य करायला हरकत नसावी.

श्रीलंकेत पिवळ्या कण्हेरीचे संकट याहून मोठे आहे. १९८०च्या दशकापासून तिथे बिट्टीच्या विषबाधेचे रुग्ण इतके वाढले की, डॉक्टरांना त्यावर स्वतंत्र संशोधन करावे लागले. डिजॉक्सिन या हृदयाच्या औषधावरचा उतारा बिट्टीच्या विषावरही काम करतो, हे तिथल्या अभ्यासातून २०००मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडले गेले. पण तो उतारा अतिशय महाग आहे आणि आपल्याकडच्या बहुतेक रुग्णालयांत सहज मिळत नाही. म्हणून विष पोटात जाऊ न देणे हाच खरा उपाय.

मग आयुर्वेदात कण्हेर कशी?

हा प्रश्न योग्य आहे. चरकसंहितेत त्वचारोगांवर उपयोगी मानलेल्या दहा द्रव्यांच्या गटात करवीर आहे. करवीराद्य तैलासारखे बाहेरून लावायचे तेलही ग्रंथांत सांगितले आहे. लोकवैद्यकात पानांचा लेप गजकर्ण, खरूज आणि उवांवर लावत. मुळाचा लेप जखमा आणि मूळव्याधीवर लावत. गावोगावी विंचूदंशावरही तिचा वापर होत असे.

या वापरातली एक गोष्ट लक्षात घ्या. यातले बहुतेक उपाय बाहेरून लावायचे आहेत. आयुर्वेदाने कण्हेरीला उपविष म्हटले आहे, म्हणजे विषारी वनस्पतींच्या यादीत ठेवले आहे. वापरण्याआधी तिची शुद्धी करावी, असेही सांगितले आहे. यासाठी मूळ कापडात बांधून गायीच्या दुधात ठरावीक वेळ शिजवतात. वैद्य कोणता भाग, किती, कोणाला आणि किती दिवस द्यायचा हे ठरवत असे.

आजचा कायदाही हेच सांगतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५च्या अनुसूची ई-१मध्ये विषारी आयुर्वेदिक द्रव्यांची यादी आहे आणि तिच्यात करवीर आहे. अशी द्रव्ये असलेले पोटात घ्यायचे औषध वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, अशी सूचना वेष्टनावर छापावी लागते.

मोबाइलवर आलेल्या संदेशात यातले काहीच नसते. तिथे फक्त 'चार पाने घ्या' एवढेच असते. कोणती पाने, कोवळी की जून, कोणत्या झाडाची, कोणत्या ऋतूतली? विषाचे प्रमाण प्रत्येक झाडात आणि प्रत्येक भागात वेगळे असते. घेणारा माणूस ७० वर्षांचा असेल आणि हृदयासाठी आधीच डिजॉक्सिन घेत असेल, तर कण्हेरीने त्याच पंपावर दुसरा घाव बसतो. मूत्रपिंडे कमजोर असतील तरी धोका वाढतो. लेप लावायचा म्हटला तरी फुटलेल्या कातडीतून आणि जखमेतून विष शरीरात जाऊ शकते आणि चिकामुळे त्वचेची आगही होते.

बाईच्या जिवाशी खेळ

कण्हेरीचा एक वापर घरात मोठ्याने बोलला जात नाही. न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत मात्र त्याची नोंद आहे. नको असलेला गर्भ पाडण्यासाठी ग्रामीण भागात बायकांना कण्हेरीचे मूळ दिले जात असे. गर्भावर काम करणारे कोणतेही सुरक्षित द्रव्य त्यात नाही. त्यात फक्त विष आहे आणि ते आईच्या हृदयावर काम करते. लाजेपोटी आणि बोभाटा होऊ नये म्हणून घेतलेल्या या उपायाने बायकांचे जीव गेले आहेत.

आज कोणत्याही बाईला या वाटेला जाण्याची गरज नाही. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा भारतात १९७१पासून आहे. २०२१च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने आणि ठरावीक गटांतील स्त्रियांना २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. अविवाहित स्त्रियांनाही हा अधिकार आहे आणि सज्ञान स्त्रीला नवऱ्याची किंवा घरच्यांची परवानगी लागत नाही. तिची ओळख गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. घरातल्या मुलीला, सुनेला, कामाला येणाऱ्या मावशींना ही माहिती मोकळेपणाने सांगा.

विषातून औषध कसे बनते?

'विषातूनच औषध बनते' हा युक्तिवाद नेहमी केला जातो. तो खरा आहे, पण अर्धाच सांगितला जातो.

इंग्लंडमधील विल्यम विदरिंग या डॉक्टरला १८व्या शतकात एका म्हाताऱ्या बाईच्या घरगुती नुस्ख्याची माहिती मिळाली. अंगावर आलेल्या सुजेसाठी ती २०हून अधिक वनस्पती एकत्र करून देत असे. त्यातली डिजिटालिस ही वनस्पती गुण देते, हे विदरिंगने हेरले. त्याने दीडशेहून अधिक रुग्णांच्या नोंदी ठेवल्या, किती मात्रेवर उलट्या होतात, नाडी मंद होते हे लिहिले आणि १७८५मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. १९३०मध्ये याच गटातील वनस्पतीतून डिजॉक्सिन वेगळे काढले गेले. आज त्याची नेहमीची गोळी केवळ पाव मिलिग्रॅमची असते आणि तरीही डॉक्टर नाडी, पोटॅशियम आणि मूत्रपिंडे तपासत राहतात. उपकार आणि अपाय यांच्यातले अंतर इतके कमी आहे. कण्हेरीतले विष याच जातीचे आहे, फक्त ते मोजून गोळीत भरलेले नाही.

आपल्याकडचे उदाहरण त्याहून जवळचे आहे. कण्हेरीच्याच कुळातली सर्पगंधा उच्च रक्तदाबावर उपयोगी पडते, हे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांवर पद्धतशीर अभ्यास करून १९४९मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडले आणि जगाचे लक्ष वेधले. दारातली सदाफुलीही याच कुळातली. मधुमेहावरचा लोकउपाय म्हणून शास्त्रज्ञांनी ती तपासायला घेतली आणि तिच्यातून रक्ताच्या कर्करोगावरील व्हिन्क्रिस्टिन हे औषध मिळाले. पण म्हणून सदाफुलीची पाने चावून कोणी कर्करोग बरा करू शकत नाही. द्रव्य वेगळे काढणे, त्याची मात्रा ठरवणे आणि शेकडो रुग्णांवर तपासणे, या सगळ्यानंतरच ते औषध ठरते.

कण्हेरीबाबतही असे प्रयत्न झाले आहेत. तिच्या अर्काची कर्करोगावर प्राथमिक चाचणी झाली, पण मान्यताप्राप्त औषध अद्याप बनलेले नाही. कोरोनाकाळात २०२०मध्ये अमेरिकेत ओलिअँड्रिन हा कोरोनावरचा उपाय असल्याचा गाजावाजा झाला. तिथल्या औषध प्रशासनाने मात्र ते पूरक आहारात वापरायला परवानगी नाकारली.

घरात आणि सोसायटीत काय काळजी घ्याल?

कण्हेर उपटून टाका असे कोणी म्हणणार नाही. रस्त्याच्या दुभाजकावर ती उत्तम काम करते. फक्त तिची जागा नीट ठरवायला हवी.

* मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ, शाळा आणि पाळणाघराच्या आवारात कण्हेर किंवा बिट्टी लावू नका. आधीपासून असेल तर सोसायटीच्या बैठकीत तो विषय मांडा.
* बिट्टीची पडलेली फळे रोज झाडून घ्या. मुलांना बिया दाखवून 'या तोंडात घालायच्या नाहीत' हे स्पष्ट सांगा.
* छाटणी करताना हातमोजे घाला, नंतर हात साबणाने धुवा. फांद्या जाळू नका.
* छाटलेल्या फांद्या रस्त्याकडेला टाकू नका. दिल्ली-एनसीआरमध्ये मोकाट गायी कचऱ्यात तोंड घालतात. वाळलेली पाने चाऱ्यात मिसळली तर जनावरांना ती ओळखता येत नाहीत.
* घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर कण्हेरीची कुंडी बाल्कनीत ठेवू नका.
* पानांवर अळ्या दिसल्या म्हणून झाड निर्धोक समजू नका. कॉमन क्रो फुलपाखराच्या अळ्या ही पाने खाऊन जगतात आणि त्यामुळेच पक्षी त्यांना टाळतात.
* गणपतीच्या पत्रींमध्ये कण्हेरीसोबत धोतरा आणि रुईही असते आणि ही तिन्ही विषारी आहेत. पूजा जरूर करा, पण पत्री नैवेद्यापासून दूर ठेवा. तीर्थात किंवा पंचामृतात पान पडू देऊ नका. निर्माल्य मुलांच्या आणि जनावरांच्या हाती लागणार नाही असे ठेवा.
* फुले हाताळलेल्या हातांनी थेट प्रसाद वाटू नका, आधी हात धुवा.

कोणी खाल्ले तर काय कराल?

लक्षणांची वाट पाहू नका. तोंडात उरलेले तुकडे काढून टाका आणि चूळ भरायला सांगा. मीठ-पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढण्याचा प्रयत्न करू नका. दूध, तूप, लिंबू यांनी हे विष उतरत नाही. माणसाला लगेच अशा रुग्णालयात न्या, जिथे ईसीजी आणि अतिदक्षता विभागाची सोय आहे. खाल्लेल्या झाडाची फांदी, फळ किंवा त्याचा फोटो सोबत घ्या, कारण डॉक्टरांना झाड ओळखता आले तर पुढचे निर्णय लवकर होतात. रुग्ण बरा दिसत असला तरी डॉक्टर सांगतील तितका वेळ निरीक्षणाखाली राहू द्या, कारण हृदयाची लय उशिरानेही बिघडू शकते.

दिल्लीतील एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे. त्याचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ असून तो देशभरातून लावता येतो. तातडीच्या मदतीसाठी ११२ आहेच. घरात कोणी निराशेतून स्वतःला इजा करण्याचे बोलत असेल तर ते थट्टेवारी नेऊ नका. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.

हे तीन क्रमांक आजच मोबाइलमध्ये साठवा आणि सोसायटीच्या सूचना फलकावरही लावा. कण्हेरीचा एखादा नुस्खा पुढच्या वेळी कुटुंबाच्या ग्रुपवर आला, तर तो पुढे पाठवण्याऐवजी त्याखाली हेच क्रमांक लिहा.